काळी पडलेली लिंबाई

१

रामकिसन लिंबाच्या सावलीत चहा पीत बसला होता, आणि त्या लिंबानंच त्याचा जीव घेतला. मे महिन्यातला गुरुवार, आठवडी बाजार भरलेला. दुपारी वावटळ सुटली आणि बाजार रस्त्यावरच्या सगळ्यात मोठ्या झाडाची अर्धी बाजू कडाडत खाली आली. बाकीचे पळाले. कुंभार पिंपळगावहून कांदे विकायला आलेला हा माणूस उठायच्या आत फांदीखाली गेला.

मी पोचलो तेव्हा त्याला उचलून नेलं होतं. फांदी रस्त्यात आडवी पडली होती. वरून साल ठणठणीत, पानं हिरवीगार, आणि आत नुसता भुसा. मूठ घातली तर मुठीत आला.

त्या साली, म्हणजे सन दोन हजारात, आमच्या रांजणखेडच्या कडूलिंबांना रोग लागला होता. काहींचे शेंडे वाळत होते, काहींचा बुंधा आतून कुजत होता. नगरपालिकेनं ठराव केला. रोगट फांद्या छाटायच्या, कापल्या जागी मोरचूद-चुन्याचा लेप लावायचा, आणि जे झाड वाचणार नाही त्याच्या खोडावर डांबराची फुली मारायची. फुली दिसली की ठेकेदारानं झाड पाडायचं. कागदावर ‘बाजार रस्त्यावरील रोगट झाडे’ एवढंच लिहिलेलं. कुठलं झाड, ते फक्त फुली सांगणार.

फुल्या मारायचं काम उद्यान विभागातल्या वसंताकडे होतं. तो म्हणाला, होळीच्या आसपास मी या झाडावर फुली मारली होती. झाडावर फुली नव्हती. फुलीच्या जागी खोडावरच शेंदूर थापून केलेली, आता काळी पडलेली देवी होती. लोक तिला लिंबाई म्हणत.

मग काय, वसंताला आत टाकलं. निष्काळजीपणानं माणूस मारला म्हणून गुन्हा. गंमत म्हणजे गुन्हा जामिनावर सुटण्यासारखा होता, जामीन द्यायला माणूसही उभा होता, पण हा पठ्ठ्या बाहेर यायलाच तयार नव्हता. तहसीलच्या कोठडीत भिंतीकडे तोंड करून बसला होता.

आता माझी ओळख. मी भुजंगराव. जन्मभर जकात नाक्यावर लोकांच्या गाड्या अडवल्या. आदल्या वर्षी सरकारनं जकात बंद केली आणि आम्ही नाकेदार मंडळी नगरपालिकेत खुर्च्या उबवायला मोकळे झालो. रामकिसनचा तेरावा होऊन आठवडा झाला तेव्हा मुख्याधिकाऱ्यांनी मला बोलावलं. तरुण माणूस, घाबरलेला, हातरुमालानं मान पुसत होता.

“भुजंगराव, दोन आठवडे बाजार मी शाळेच्या मैदानावर हलवला. आता लोक ऐकत नाहीत. येत्या गुरुवारी बाजार पुन्हा झाडाखालीच भरणार म्हणतात. देवीनं बळी घेतला म्हणून दर्शनाला ही गर्दी! आणि झाडाची उरलेली अर्धी बाजू अजून उभी आहे.”

“मग पाडा.”

“फुली नसलेलं, देवीचं झाड? गाव पेटेल. तुम्ही मला एवढंच शोधून द्या, फुली होती की नव्हती.”

मी बाहेर आलो. पायरीवर रामकिसनची बायको द्वारकाबाई बसली होती. रडत नव्हती. येणाऱ्या-जाणाऱ्याला एकच विचारत होती. मलाही विचारलं.

“साहेब, झाड चांगलं हाय, असं कोन म्हन्लं व्हतं?”

गुरुवार परवावर आला होता.

२

ठेकेदार देवानंद भोकरदनचा. रस्त्यानं सरळ आला होता, फुली दिसेल ते झाड पाडत गेला होता. मी त्याला आडवा घेतला.

“एवढं मोठं झाड सोडलं कसं रे?”

“साहेब, मी फुली पाहून कुऱ्हाड काढतो अन् शेंदूर पाहून हात जोडतो. फुली दिसली न्हाई. देवी दिसली.” मग आवाज खाली आणून म्हणाला, “खरं सांगू? या झाडाचं लाकूड सगळ्यात जास्ती निघालं असतं. मी कशाला सोडतो?”

हे पटण्यासारखं होतं. लाकडाचा लोभी माणूस फुली पुसणार नाही, उलट चांगल्या झाडावर नवी मारील.

म्हणजे ज्याला झाड हवं होतं, तोच शोधायचा. झाडाखाली बसून पोट भरणारे तिघं. चहावाला सर्जेराव, कुलपं-छत्र्या दुरुस्त करणारा कडूबा, आणि मेथी-कोथिंबीर विकणारी चांगुणाबाई. ही चांगुणाबाई वसंताची सख्खी आई. मैदानावर सावलीचा टिपूस नाही, त्यामुळे दोन आठवडे तिघंही उन्हात भाजून निघाले होते. मी त्यांना तिथंच गाठलं.

सर्जेराव उंचापुरा, तोंडाचा गोड. देवीपुढं पितळेचं ताट त्यानंच ठेवलं होतं आणि ताटातल्या पैशांचं पुढं काय होतं ते कुणी विचारत नव्हतं.

“देवी आली कधी?” मी विचारलं.

“होळी झाली, अन् एक दिवस सकाळी दुकान उघडलं तं देवी बसेल! मी न्हाई बसवली, आईची आन. ताट तेवढं मी ठेवलं.”

“आणि काळी कधी पडली?”

सर्जेरावानं कानाला हात लावला. “चैत्राच्या उन्हात. आधी लालभडक व्हती. मंग कपाळ काळं पडलं, मंग खाली खाली उतरत सगळं तोंड. लोकं म्हन्ले, कोपली. अन् कोपलीच की! मानूस घेतला.”

कडूबा त्याच्याहूनही उंच, वाळकाटकुळा. छत्रीच्या काडीत तार ओवत ओवत बोलत होता.

“देवीचं मला काय ठाव न्हाई साहेब. पर बुडाला एक टणक छत्री उगवेल व्हती, भूछत्रावानी, पर लाकडासारखी. मी म्हन्लं, घ्या, आता झाडं बी दुरुस्तीला येऊन राह्यले माझ्याकडं. होळीनंतर ती गायब. कोनीतरी कापून टाकली.”

“वसंता तिच्याकडं पाहत होता का?”

“तो रोज वाकून पाहायचा. ती दिसली की झाड आतून गेलं, म्हनायचा.”

चांगुणाबाई बुटकी, कोरडी, हातानं झरझर जुड्या बांधणारी. विळ्यानं मेथीची मुळं छाटत होती. मी मुद्दामच मऊ आवाजात बोललो.

“मावशी, वसंतानं फुली मारली होती?”

“तो खोटं बोलत न्हाई.”

“मग गेली कुठं?”

विळा थांबला नाही. “तुमी हुडका की. तुमचं काम हे.”

“झाड पडलं तेव्हा तुम्ही?”

“पोराला कामावर डबा द्यायला गेल्ते.”

तिथून मी थेट झाडापाशी गेलो. बुंध्याशी बसून पाहिलं. छत्री कापल्याची जागा होती, आणि काप सरळ नव्हता, किंचित वाकडा, आतल्या बाजूला खोलगट. मग उभा राहिलो. लिंबाई माझ्या छातीपासून डोक्याच्या वर हातभर उंच होती. बाजारात बसणाऱ्या बाया बसल्या बसल्या हळदकुंकू लावतील अशी खाली का नाही? भोवती दर्शनाची गर्दी होती, हात लावायची सोय नव्हती. मी भक्तासारखे डोळे मिटले, पुढं वाकलो, देवीच्या तोंडाला कपाळ टेकवलं आणि नाकानं खोल श्वास घेतला.

उन्हानं तापलेल्या शेंदराला डांबराचा वास येत होता.

३

कोपबीप काही नव्हता. शेंदूर तेलात कालवतात, आणि तेल डांबराला विरघळवतं. चैत्र-वैशाखाच्या उन्हात खालची फुली वर झिरपत आली आणि देवी काळी पडली. वसंता खरं बोलत होता! मला एवढा आनंद झाला की मी रिक्षा न करता पायीच तहसील गाठली.

वसंता गजांजवळ आला. दाढी वाढलेली, डोळे आत गेलेले.

“पोरा, सुटलास तू. फुली सापडली. शेंदराखाली आहे. उद्या चार माणसांसमोर खरवडतो आणि तुला बाहेर काढतो.”

मला वाटलं पोरगं रडेल. त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

“नका खरवडू.”

“अरे, का?”

“तिथं काई न्हाई.” “मी फुली मारलीच नव्हती, साहेब. मी खोटं बोललो. माझ्याकडून राह्यलं. लिहून घ्या. मी सही करतो.”

“वसंता, मी वास घेतला आहे.”

“मंग तुमचं नाक खोटं!” तो ओरडला. पहाऱ्यावरचा शिपाई उठून उभा राहिला. वसंता पुन्हा भिंतीकडे जाऊन बसला आणि मी कितीही हाका मारल्या तरी वळला नाही.

निर्दोष माणूस सुटकेचा पुरावा समोर आल्यावर गुन्हा कबूल करत होता. माझा आनंद तिथंच विरला. कारण असं माणूस एकाच कारणानं करतो.

४

नाक्यावर मी एक गोष्ट शिकलो होतो. गाडीत कडब्याखाली माल दडवलेला माणूस आकाशाकडे बघेल, बैलांकडे बघेल, माझ्याकडे बघून हसेल, पण कडब्याकडे चुकूनही बघणार नाही. मी कडबा उपसत बसत नसे. मालक कुठं बघत नाही तेवढं पाहायचो.

बुधवारी सकाळी मी सर्जेरावच्या बंद टपरीच्या फळीवर बसून राहिलो. तिघंही उद्याच्या बाजारासाठी आपापली जागा झाडायला आले. सर्जेरावानं येताच देवीला लोटांगण घातलं, नजर ताटावर. कडूबानं जाता जाता हात छातीला लावला. चांगुणाबाईनं झाडाच्या बुडाशी पोतं अंथरलं, खडे वेचले, पाणी शिंपडलं. देवी तिच्या डोक्यावर हातभर अंतरावर. गावातून बायका ओट्या घेऊन येत होत्या आणि ही एकटी बाई तिकडं मान वर करत नव्हती.

आता एकेक धागा जुळत गेला. देवी एवढ्या उंच, कारण फुली तिथं होती. ती झाकणाऱ्याला जागा निवडायची मुभाच नव्हती. कपाळ आधी काळं पडलं, कारण वरच्या बाजूला शेंदूर पातळ बसला होता. लावणाऱ्याचा हात वर नीट पोचत नव्हता. सर्जेराव आणि कडूबा दोघंही त्या फुलीच्या वर सहज हात टेकतील. बुडाची छत्री वाकड्या पात्यानं, म्हणजे विळ्यानं कापलेली. आणि वसंता जिच्यासाठी तुरुंगात जायला तयार होईल अशी या झाडाखाली एकच होती.

मी उठून तिच्यासमोर जाऊन बसलो. “मावशी, शेंदूर तुम्ही फासला.”

तिनं जुडी खाली ठेवली. मग म्हणाली, “वसंता काय म्हन्ला?”

“तो म्हणतो मी फुली मारलीच नाही. तुमचा गुन्हा तो अंगावर घेतोय.”

तिचं तोंड वेडंवाकडं झालं. पदर तोंडात कोंबला आणि ती आवाज न करता रडली. मी इकडंतिकडं पाहत राहिलो. चौकशीची मला सवय होती, पण म्हाताऱ्या बाईला रडवायची नव्हती.

“वरून हिरवंगार व्हतं, साहेब,” ती शेवटी बोलली. “पोरगं रोज झाडाला फुल्या मारून राह्यलं. रस्ता उघडाबोडका झाला. माझं उभं आयुष्य या सावलीत गेलं, वसंता बी हितंच पोत्यावर झोपून मोठा झाला. मी म्हन्लं, एवढं एक ऱ्हाऊ द्यावं. गळू कापलं की मानूस बरा होतो, तशी ती बुडाची छत्री कापली. रोग गेला असंच मला वाटलं. मंग फुली झाकली. देवाच्या झाडाला कोन हात लावतं?”

“वसंताला कळलं होतं?”

“त्यानं एक बार पाह्यलं, मंग माझ्या बोटांकडं पाह्यलं. नखांत शेंदूर व्हता. एवढंच म्हन्ला, देवी कोनी बसवली मला ठाव न्हाई. तवापासून रोज म्हनायचा, आई, जागा बदल. मी बदलली न्हाई.”

म्हणजे वसंताही पुरता निर्दोष नव्हता. त्याला ठाऊक होतं आणि तो गप्प बसला होता. मी डोकं धरलं.

“उद्या इथं सगळं गाव जमणार. उरलेलं झाड पडलं तर?” मी म्हणालो. “आज संध्याकाळपर्यंत मी साहेबांना सांगणार आहे.”

“सांगा,” ती म्हणाली. “पर तुमी सांगून लोकं ऐकतील का?”

५

ऐकलं नाही. मुख्याधिकाऱ्यांनी बाजाराची जागा बदलल्याची दवंडी दिली, लोक हसले. गुरुवारी सकाळपासून झाडाखाली पाय ठेवायला जागा नव्हती. कोथिंबिरीचे ढीग, मिरच्या, लुगडी, नारळ, उदबत्त्यांचा धूर. अंतरवालीकडून जीप भरभरून माणसं दर्शनाला आली होती. वर उरलेली अर्धी बाजू रस्त्यावर कललेली, आणि पश्चिमेकडं आभाळ मातकट झालेलं.

फौजदार आणि शिपाई आले. मुख्याधिकारी खुर्चीवर चढून ओरडले, “या शेंदराखाली डांबराची फुली आहे. झाड आतून पोकळ आहे. आम्ही पंचनामा करणार आहोत, बाजूला व्हा!”

“देवीला हात लावून दाखवा!” कुणीतरी मागून ओरडलं. एक नारळ खुर्चीच्या पायावर येऊन फुटला. गर्दी पुढं सरकली. फौजदारानं शिपायाकडं पाहिलं, शिपायानं जमिनीकडं. खरवडायला कुणीच पुढं होईना. मीसुद्धा नाही. मी बोलायला शूर, पण त्या डोळ्यांसमोर माझे पाय जागचे हलले नाहीत.

वाऱ्याचा पहिला झोत आला आणि वर, उंचावर, काहीतरी कुरकुरलं.

चांगुणाबाई उठली. एक मिरच्यांची रिकामी पेटी पालथी घालून त्यावर चढली. तिच्या हातात विळा होता. लोकांना वाटलं, पूजा करतेय. तिनं विळ्याचं पातं देवीच्या कपाळाला लावलं आणि खालपर्यंत ओढलं.

बायका किंचाळल्या. एकानं तिचा पदर धरून ओढला, ती पेटीवरून घसरली, पुन्हा चढली. “मी बसवली व्हती!” ती ओरडली. “देवी न्हाई ती! माझ्या पोराची फुली हे, मी झाकली! मला मारा, पर आधी हितून पळा!” शेंदराच्या ढलप्या पडत होत्या आणि खालून काळीकुळकुळीत फुली वर येत होती.

पदर ओढणाऱ्याचा हात सुटला. मग सर्जेरावानं ताट उचललं आणि तो पळाला. त्याच्यामागं सगळा बाजार पळाला. कुणी टोपल्या टाकल्या, कुणी चपला टाकल्या. मी एका म्हातारीला बखोटीला धरून रस्त्यापलीकडं ओढलं. झोतामागून झोत आले आणि आमच्यादेखत उरलेली बाजू बुंध्यासकट रिकाम्या रस्त्यावर आडवी झाली. आतली पोकळी एवढी होती की माणूस उभा राहिला असता.

धूळ बसल्यावर चांगुणाबाई पलीकडच्या ओट्याजवळ उभी दिसली. समोर द्वारकाबाई. गर्दी भोवती जमली होती.

“तुमी झाकली?” द्वारकाबाईनं विचारलं.

“मी झाकली. अन् तुमच्या मालकाला तिथं मीच बसवलं.” चांगुणाबाईचा आवाज फुटत होता. “ते उन्हात कांदे घेऊन बसले व्हते. मी म्हन्लं, दादा, माझ्या पोत्यावर सावलीत बसा, चहा घ्या. मी पोराला डबा देऊन येते. ती माझी जागा व्हती. ते माझ्या वाट्याचं व्हतं.”

तिनं वाकून द्वारकाबाईचे पाय धरले. मला वाटलं, आता ही हिला उठवून जवळ घेईल. आमच्याकडं बाया तसं करतात. द्वारकाबाईनं पाय मागं घेतले.

“दोन लेकरं हायेत मला,” ती म्हणाली. “तुमी चांगल्या असाल. मला त्याचं काय करायचं?” आणि फौजदाराकडं वळली. “साहेब, माझं म्हननं लिहा. हिचं नाव लिहा.”

फौजदारानं लिहून घेतलं. त्यात चुकीचं काहीच नव्हतं, आणि तरी मला तिथं उभं राहवेना.

दुसऱ्या दिवशी कोर्टातून कागद आला आणि वसंता सुटला. मी तहसीलच्या आवारात त्याला न्यायला गेलो होतो. खरं सांगायचं तर थोडी फुशारकीही होती. कोडं मी सोडवलं होतं, साहेबांनी चारचौघांत पाठ थोपटली होती, शेकडो माणसं वाचली होती. कोठडीचं दार उघडलं. वसंता बाहेर यायला आणि दोन शिपाई चांगुणाबाईला आत घेऊन जायला एकच गाठ पडली.

दारात मायलेक समोरासमोर थांबले. तिनं त्याच्या दाढीवरून हात फिरवला.

“वाळलास,” ती म्हणाली. “घरी भाकरी करून ठेवल्यात. जा, जेव आधी.”

“आई, मी सांगितलं असतं तं—”

“जा म्हन्ते ना.”

दार लागलं. वसंता तिथंच उभा राहिला. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवायला गेलो तर त्यानं खांदा काढून घेतला. रागानं नाही, दमून.

“नाकेदार साहेब,” तो म्हणाला, “मी तुमाला म्हन्लो व्हतो का, मला सोडवा म्हनून?”

तो आवार ओलांडून गेला, पण घराकडं वळला नाही. फाटकाबाहेर, भर उन्हात, कोठडीच्या दाराकडं तोंड करून तो खाली बसला.